गुणाबाई, मी हाक मारली

प्रिय गुणाबाई,

रविवारी तुमच्या तेरवीला आले होते. पंगत उठली आणि तुमच्या सुनेनं मला दारातच गाठलं.

"बाई, तुमी आमच्या आत्याबाईच्या कोण होय?"

मी म्हटलं, "त्या माझा इलाज करायच्या."

तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तुमाले कायचा रोग होता?"

बाजूला बायका हात धूत उभ्या होत्या. मी पदर सारखा केला, नुसती हसले आणि निघाले. तिला काय सांगणार होते? पण दुसऱ्याच दिवशी जे झालं, ते तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडेना. तुम्ही असतात तर धावत आले असते. आता हा कागद. मला फार लिहिता येत नाही, फळ्यावर लिहिते तेवढंच. सांभाळून घ्या.

वर्ध्याला आले तेव्हा मी कशी होते, आठवतं? बाबांनी वांग्यांच्या टोपल्यांबरोबर माझी ट्रंक वडनेरहून हिंगणघाटपर्यंत आणली आणि मला आगगाडीत बसवून दिलं. व्हर्नाक्युलर फायनलची परीक्षा पास झालेली घरातली पहिली मुलगी, मुलींच्या शाळेत नोकरी, दुसरीचा वर्ग! सगळ्यांना केवढा अभिमान. आणि पहिल्याच आठवड्यात मी वर्गात खाली बसले. छातीत धडधड, बोटांना मुंग्या, श्वास घ्यावा तर पुरेना. वाटलं, आता आपण मरतो. मुली घाबरून रडायला लागल्या.

डॉक्टरांनी छाती तपासली, म्हणाले, काही नाही. घरमालकीणबाईंनी मीठ-मिरच्या ओवाळल्या. रोज तेच व्हायला लागलं. जेवण जाईना. मुख्याध्यापिकाबाईंनी बोलावून शांतपणे सांगितलं, "उन्हाळ्यापर्यंत पाहू. तब्येत नाही सुधारली, तर तुम्ही घरी गेलेलं बरं." त्या वाईट नव्हत्या. पण घरी जाणं म्हणजे काय, हे मला ठाऊक होतं. म्हणून शाळेतल्या एका बाईंनी गावाबाहेरच्या निसर्गोपचाराच्या जागेचं नाव सांगितलं, तेव्हा मी नाही म्हटलं नाही.

तिथल्या वैद्यजींनी नाडी पाहिली आणि पोटावर मातीची पट्टी सांगितली. गवती छपराखाली बाकावर उताणं झोपायचं. रात्रभर भिजवलेली काळी माती फडक्यात थापून पोटावर ठेवायची. अर्धा तास उठायचं नाही, हलायचं नाही. आणि ती माती ठेवायला तुम्ही आलात, कोपरापर्यंत हात काळे, तोंडात सुपारी.

"काऊन व, एवढी अखडून काऊन पडली? माती हाय, साप नोहे!"

वर्ध्यात आल्यापासून मला कोणी असं बोललं नव्हतं. सगळे "अहो बाई, अहो बाई" करायचे. तुम्ही बाजूला पाट ओढून बसलात, पुढची फडकी पिळता पिळता विचारत राहिलात. कोणत्या गावची? माय काय करते? भाऊ कितीक? मी एका शब्दात उत्तर द्यायची. तुम्हाला त्याचं काही वाटायचं नाही.

"दिवसभर लेकराइले शिकवते. तुले कोण इचारते?"



मग एकदा तुम्ही विचारलंत, "बहीण?" मी म्हटलं, "होती." तुम्ही हातातलं फडकं पिळलंत. मग, जणू मिठाचं विचारावं तसं विचारलंत, "नाव का होतं तिचं?"

त्या दिवशी नाही सांगता आलं. पुढच्या खेपेलाही नाही. तुम्ही मागे लागला नाहीत. पण दर वेळी तेवढ्यापुरतं विचारायचात आणि वाट पाहायचात.

एक दिवस म्हटलं, "वेणू."

ते नाव मी चैत्रानंतर पहिल्यांदा उच्चारलं होतं. वेणू नऊ वर्षांची होती. चैत्रात तापानं गेली. बाबा म्हणाले, "नाव काढू नका तिचं, तुमची माय मरून जाईन." त्या दिवसापासून घरात कोणी नाव काढलं नाही. तिची चिंचोक्यांची पिशवी कोणी कुठे ठेवली, तेही विचारायचं नाही. चुलीपाशी सगळे जेवायचे आणि फक्त ताटांचा आवाज. मी तशीच ट्रंक भरून नोकरीवर आले. आणि वर्गात पहिल्या रांगेत, तेल लावून घट्ट वेण्या घातलेली एक मुलगी उभी राहून म्हणाली, "बाई, माहं नाव वेणू."

हे सगळं मी उताणी झोपून सांगितलं. हलायचं नव्हतं, म्हणून डोळे पुसता येईनात, पाणी दोन्ही कानांत गेलं. तुम्ही पदराच्या टोकानं माझे कान पुसलेत. "डोये पुसाले सारेच येते व. कान कोणी पुसत नाई!" रडता रडता मला हसू आलं आणि पोटावरची माती भेगाळली. तुम्ही रागावलात. मग तुम्हीही हसलात.

त्या रात्री मी झोपले. दुसऱ्या दिवशी वर्गात धडधड झाली, पण कमी. मला वाटलं, काय गुण आहे या मातीत!

मी किती वेडी, गुणाबाई! तुम्ही लेकीच्या बाळंतपणाला आंजीला गेलात. मागे दुसऱ्या बाई माती ठेवायच्या आणि निघून जायच्या. दोन खेपा झाल्या, धडधड परत आली. मला वाटलं, माती कमी पडते. वडनेरला गेले तेव्हा आमच्या शेतातली काळी माती पिशवी भरून आणली, भिजवली आणि खोलीत स्वतःच थापून झोपले. चाळायला हवी हे कोणाला माहीत? त्यात गोखरूचे काटे! सगळ्या पोटावर पुरळ उठलं. घरमालकीणबाई दार ढकलून आत आल्या आणि जागच्या जागी ओरडल्या, "अवं माय! माह्या घरात जादूटोणा करून राह्यली का व तू?" त्यांना समजावता समजावता माझी दमछाक झाली.

तुम्ही परत आलात, पुरळ पाहिलंत, आणि पोट धरून हसलात. मग विचारलंत, "बोलली का कोणासंग इतक्या दिवसात?"

"नाही."

"मंग? मातीले का कान असते व?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. आणि मग आणखी एक गोष्ट ध्यानात आली. अर्धा तास संपला की मी विचारायची, "उठू?" तुम्ही मातीला हात लावून म्हणायचात, "अजून थंडीच हाय. पडून राह्य." मी खरं मानायची! एकदा वैद्यजी घड्याळ घेऊन आले. "गुणाबाई, इस बाई की मिट्टी तो सूखकर ईंट हो गई होगी!" तुम्ही मान खाली घालून म्हणालात, "हिची लय ओली होती, वैद्यजी." खोटं बोलण्यात तुमचा हात कोणी धरला नसता.

हळूहळू मी जेवायला लागले. बाजारात एकटी जायला लागले. रेल्वेच्या फाटकाशी गाडी जाईपर्यंत गर्दीत उभी राहिले आणि काही झालं नाही. धडधड यायची, पण मला ओळखू यायची. जशी यायची तशी जायची. एकच राहिलं होतं. पाढे म्हणायला मी सगळ्या मुलींना नावानं उठवायची. वेणूला कधीच नाही. तिची पाळी आली की नजर पुढे न्यायची. ते नाव समोरच्या, जिवंत, हात वर करून बसलेल्या मुलीला हाक म्हणून मारायचं, हे मला जमेना.

एक दिवस तिनंच विचारलं, "बाई, माहा नंबर काऊन येत नाई?" आणि मग ती यायची बंद झाली. तिची आई रेच्यात, म्हणजे सरकी काढण्याच्या कारखान्यात कामाला. कामावर जाता जाता शाळेच्या दाराशी आली. "माह्या पोरीनं काय केलं बाई? म्हणते, बाईले मी आवडत नाई."

हे तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही पहिल्यांदा माझ्यावर चिडलात. "तुह्या बहिणीचं नाव त्या पोरीनं का चोरलं हाय? तिच्या मायनं ठेवलं तिले. हाक मार येक डाव!"

"मारीन."

"कवा?"

"पुढच्या खेपेला तुम्हाला सांगते, मारली म्हणून."

पुढच्या खेपेला तुमचा पाट रिकामा होता. झटका आला आणि गेलात. असं मध्येच कोणी उठून जातं का? मला तुमचा फार राग आला होता. अजूनही थोडा आहे.

तर ऐका. तेरवीच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी, शाळा सुटल्यावर मी घरी गेले नाही. रेच्यामागच्या गल्लीत गेले. बायका दारात बसून मिरच्यांचे देठ तोडत होत्या. वेणूचं घर कोणतं, ते विचारायला तोंड उघडलं आणि सगळं सुरू झालं. छाती, बोटं, श्वास. सगळं. मी पळाले नाही. गल्लीच्या मधोमध उभी राहिले आणि म्हटलं, "वेणू."

कोणाला ऐकूच गेलं नाही! मग मी छाती भरून हाक मारली, "वेणू! ए वेणू!"

अख्खी गल्ली दारात आली. एक म्हातारी म्हणाली, "अवं बाई, पोरगी हाय ते, हरपलेली गाय नोहे! कायले एवढी बोंबलते?" बायका खदखदा हसल्या. मीही हसले. श्वास आत गेला तो सरळ खालपर्यंत. आणि कोपऱ्यातल्या घरातून एक वेणी घातलेली, एक सुटलेली, अशी वेणू बाहेर आली. भिऊन म्हणाली, "बाई, मी काई नाई केलं."

"माहीत आहे. चूक माझी होती. सातचा पाढा म्हण."

गल्लीत उभी राहून तिनं पाढा म्हटला. सात सत्ते सत्तेचाळीस म्हणाली. "चुकलं! वेणू, पुन्हा!" मी ओरडले. मी, वेणूवर, ओरडले! आतून तिची आई पिठाचे हात घेऊन बाहेर आली. "बरं झालं बाई, तुमीच दटावा. घरी कोणाचं आयकत नाई ते." पाढा बरोबर येईपर्यंत मी कोणाला आत जाऊ दिलं नाही. मग चहा झाला.

मंगळवारी ती पहिल्या रांगेत होती. वेणू, फळा पूस. वेणू, खिडकी लाव. वेणू, बडबड बंद. दिवसभर कारण नसताना हाका मारल्या मी. घसा बसला! शाळा सुटताना मुख्याध्यापिकाबाई दारात थांबल्या. म्हणाल्या, "उन्हाळ्यानंतर दुसरीच घ्याल, की तिसरी?" मी म्हटलं, "तिसरी. माझ्या मुली वर जातायत, मीही जाते."

तुमच्या सुनेला भेटायला पुन्हा येईन, तेव्हा सगळं सांगीन, बायका उभ्या असल्या तरी.

आणि तुम्हाला एक शब्द देते. अखजीला, अक्षय्य तृतीयेच्या सणाला, मी वडनेरला जाणार आहे. त्या दिवशी आमच्याकडे गेलेल्या माणसांच्या नावानं घागर भरतात. गेल्या वर्षी आजा-आजीची भरली, वेणूची कोणी भरली नाही. या वर्षी कुंभाराकडून एक लहान घागर मी स्वतः आणीन. बाबा रागावतील. आई रडेल, तर रडू देईन आणि तिच्याजवळ बसेन. बाबा उठून अंगणात गेले, तर मग तिथे जाऊन बसेन. पण त्या घरात वेणूचं नाव मी घेईन, सगळ्यांच्या आधी आणि मोठ्यानं.

तुमची मास्तरीण,
कुसुम