रिकाम्या खडकाची राखण

अंदमान, १२ मे

आबा, पाया पडतो.

मी बरा हाय, जेवण वेळेवर मिळतं. पुसेगावात ऊन लई वाढलं म्हणे. इथं समुद्रबी तापला, प्रवाळ पांढरं पडलं.

माझं काम एका बोटभर माशाची अंडी रोज मोजायचं. मादी अंडी घालून निघून जाते, नर राखण करतो. मलाबी चावला. तुमी आजारी आईला वारा घालता, तसं तो अंड्यांवर पर हलवतो. मेलेली वेचून खातो. परवा एकबी अंडं जितं उरलं न्हाई. तरी रिकाम्या खडकावर पर हलवून राहिला.

फोनवर तुमी 'आई बरी हाय' म्हणता, मग तिच्याकडं फोन काहून देत न्हाई? तोंडानं विचारायची हिंमत होईना, म्हणून लिहितो.

आबा, आई हाय ना?

तुमचं लेकरू,
प्रमोद