टोचे न मारलेलं वांगं

शनिवार, मुक्ताईनगर, शाळेतून

प्रिय पुनम,

शाळा कधीच सुटली, तरी मी घरी गेलेलो नाही. सातवीच्या वर्गात पोरांच्या बाकावर गुडघे अडकवून बसलोय आणि तुला लिहितोय. शर्टाला धुराचा वास आहे, नखांत वांग्याची काळी सालं आहेत आणि भरीत इतकं झालंय की पट्टा एक भोक सैल केला. फोन करता आला असता. पण फोनवर तू 'आबा, बोला ना' म्हणालीस की माझा आवाज आपोआप मुख्याध्यापकाचा होतो, आणि तुझी आई मधेच फोन ओढून घेते ते वेगळंच. शिवाय दिवाळीनंतर फोनवर मी जे बोलून बसलो ते मला अजून गिळता येत नाही. तू तिथल्या, धुळ्यातल्याच त्या योगेंद्रचं नाव काढलंस. बँकेत आहे म्हणालीस, घरात अहिराणी बोलतात म्हणालीस, आणि आपल्या पंक्तीतला नाही हेही तूच सांगितलंस. मी म्हणालो, त्या पोराचं मी तोंडसुद्धा पाहणार नाही. तू चिडली असतीस तर बरं झालं असतं. तू शांतपणे म्हणालीस, "तुम्ही हो म्हटल्याशिवाय मी लग्न करणार नाही, आबा. आणि दुसऱ्या कुणाशीही करणार नाही." तेव्हापासून तुझी आई माझ्याशी मीठ-मिरचीपुरतं बोलते आणि भाकरी जरा जोरातच ताटात टाकते. तर उत्तर द्यायचंच आहे, पण शेवटी. मधली पानं उडवून शेवट वाचायची तुझी खोड मला माहीत आहे. आज ती करू नकोस.

सातवीला सध्या उष्णतेचा धडा चालू आहे. वहन, अभिसरण, प्रारण. तुलाही मीच शिकवला होता आणि तू तिन्ही व्याख्या एका श्वासात म्हणायचीस. यंदाची पोरंही म्हणतात. परवा मी विचारलं, चुलीवरचं पातेलं उतरवताना तुमची आई फडकं का घेते? व्याख्या तोंडपाठ आणि पातेल्याचा पत्ता नाही. मग नूतन उभी राहिली. ही पोरगी प्रश्नासाठी हात वर करत नाही, सरळ उभीच राहते. म्हणाली, "सर, ते पुस्तकातल्या मेणबत्तीचं राहू द्या ना. शनिवारी भरीत करू. धडा बी होईन अन् पोट बी भरीन." मी रागावायच्या बेतात होतो, पण विचार केला, पोरगी चुकीचं काय बोलली?

आता शाळेत शनिवार आनंददायी करायचा असतो. आनंदसुद्धा हल्ली परिपत्रकानं येतो, तेव्हा म्हटलं होऊन जाऊ दे. कुणी मळ्यातली वांगी आणली, ती हिरवी, पांढऱ्या रेघांची, हातभर लांब. कुणी कपाशीच्या काड्यांचे भारे आणले. पोषण आहार शिजवणाऱ्या भागाबाईंनी डोक्यावरून बडगी आणली, भरीत कुटायची ती लाकडी उखळी, आणि पोरांवर असा काही वचक बसवला की मला मुख्याध्यापक म्हणून करायला काही उरलं नाही. नेमका त्याच दिवशी निरोप होता की विज्ञानाचे साधनव्यक्ती भेट देणार आहेत. म्हणजे, आम्ही कसं शिकवावं ते आम्हाला शिकवणारे. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्या या मंडळींविषयी माझं मत तुला ठाऊक आहे. मी ठरवलं होतं, येऊ दे, आज साहेबांनाच खाली उतरवायचं.

काड्या रचून होताहेत तोच फाटकातून एक तरुण आला. सडपातळ, चष्मा, इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, खांद्याला पिशवी. आला तो सरळ माझ्या पाया पडला. मी चाटच पडलो. इतक्या वर्षांत माझ्या पाया पडणारा साधनव्यक्ती पहिलाच! म्हणाला, "सर, मी धुळ्याहून आलो. तुमच्याशी जरा बोलायचं होतं." मी म्हटलं, "बोलणं मागून. सकाळपासून वाट बघतोय तुमची. आधी तास." आणि खडू त्याच्या हातात ठेवला. तो 'पण सर, मी' असं काहीतरी म्हणाला. मी म्हटलं, पण नाही अन् बिण नाही. दर वेळी तुम्ही मागच्या बाकावर बसून टिपणं काढता, आज मी बसतो. आणि बसलोसुद्धा, हाताची घडी घालून. पुनम, तू आता तोंडाला पदर लावून हसत असशील. हस. तू पंजाबी ड्रेसमध्ये असलीस तर ओढणी लाव, पण हस.

बिचाऱ्यानं फळ्यावर सुरेख अक्षरात 'उष्णता' लिहिलं. मग बराच वेळ तो त्या शब्दाकडे बघत उभा राहिला, जणू पुढचं फळाच सांगणार आहे. पुस्तक मागून घेतलं. वहन कसंबसं पार पडलं. अभिसरणाला गाडी अडली. गरम पाणी वर का जातं, तर म्हणे, "कारण ते... गरम असतं." पोरांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी मनात तक्रारीचा मसुदा तयार करायला घेतला होता. हे तज्ज्ञ! थंडीच्या दिवसांत त्याच्या कपाळावर घाम, आणि तो घाम कोणत्या प्रकारच्या उष्णतेचा हे त्याला तेव्हा विचारायला हवं होतं. शेवटी त्यानं पुस्तक मिटलं आणि म्हणाला, "चला, बाहेर जाऊ." त्या तासातलं पहिलं शहाणपणाचं वाक्य.

बाहेर जाळ धडधडत पेटला. पोरांनी वांग्यांना टोचे मारून ठेवले होते, ती ओळीनं आगीत गेली. आपल्या पाहुण्याला वाटलं, आपणही हातभार लावावा. त्यानं टोपलीतून चांगलं मोठं वांगं निवडलं आणि तसंच, टोचे न मारता, जाळात सारलं. कुणाच्या लक्षात आलं नाही. थोड्या वेळानं फटाका फुटावा असा आवाज झाला. गर त्याच्या चष्म्यावर, शर्टावर, आणि एक चांगला गोळा माझ्या टोपीवर! पोरं माझ्याकडे बघताहेत, सर आता काय करतात म्हणून. भागाबाई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "बाप्पा! टोचे नाही मारले का वांग्याले? तिकडे धुळ्याले काय कच्चेच खाता का तुम्ही?" आणि तो पोरगा चष्मा काढून, डोळे मिचकावत, असा काही खळखळून हसला की आधी पोरं हसली, मग भागाबाई, आणि मग, काय सांगू, मीही. टोपी हातात घेऊन हसलो. हसू ओसरल्यावर त्यानंच पोरांना विचारलं, "हे फुटलं का, ते कोण सांगेल?" आणि पोरांनी सांगितलं. आतलं पाणी तापलं, वाफ झाली, वाफेला वाट मिळाली नाही. पुस्तकात नसलेलं, एकानंही पाठ न केलेलं उत्तर. मग देठाला धरून वांगी बाहेर ओढताना आपोआपच ओरड सुरू झाली, 'देठ तापलं नाही, दुर्वाहक! दुर्वाहक!' माझ्या मेणबत्तीनं वर्षानुवर्षं जे केलं नाही ते एका फुटक्या वांग्यानं केलं.

तेवढ्यात नूतन उभी राहिली. म्हणाली, "सर, गरम हवा त वरतं जाते. धूर पाहा, वरतंच चालला. मंग मी बाजूले बसली, तं धग माह्या तोंडाले कशी लागते?" मी मागे ताठ बसलो. हा प्रश्न साहेबांचा कस लावणारा होता. आता हा काहीतरी ठोकून देणार, आणि मी उठून दुरुस्त करणार. त्यानं त्या पोरीकडे पाहिलं, आगीकडे पाहिलं, आणि गोंधळात त्याची घरची बोलीच बाहेर पडली, "माले ठाऊक नही, बहीण!" पोरं पुन्हा हसली. तो मात्र हसला नाही. तिच्या शेजारी मातीतच बसला, इस्त्रीच्या पँटनं, आणि म्हणाला, "पण बघू या का आपण? तुला काय वाटतं?" ती म्हणाली, मधे काहीतरी धरून पाहू. त्यानं वांग्यांच्या खोक्याचा पुठ्ठा तिच्या तोंडासमोर आडवा धरला. धग गेली. काढला. लगेच आली. पुन्हा धरला, पुन्हा गेली. मग प्रत्येकाला तोच खेळ हवा. शेवटी नूतनच म्हणाली की हे हवेनं येत नाही, उन्हासारखं सरळ येतं. आणि धावत वर्गात जाऊन पुस्तक घेऊन आली, पान उलटून ओरडली, "सापडलं! याले प्रारण म्हणता!" पुनम, माझ्या अंगावर काटा आला. आधी वस्तू हाती आली आणि मग तिचं नाव. शिकवण्यात याहून मोठा आनंद मला माहीत नाही.

भागाबाईंनी बडगीत मिरची-लसणासकट भरीत कुटायला घेतलं आणि मुसळ त्याच्या हाती दिलं. तो मन लावून कुटत होता तेव्हा माझा फोन वाजला. पलीकडून आवाज, "सर, माफ करा, मी साधनव्यक्ती बोलतोय. आज येणं होत नाही, पुढच्या आठवड्यात येतो." मी फोन कानाला तसाच धरून त्या मुसळवाल्याकडे पाहत राहिलो. धुळ्याहून आलेला. चष्म्याचा. मला काहीतरी बोलायचं असलेला. आणि आपल्यासारखं 'मले' न म्हणता अहिराणीतलं 'माले' म्हणणारा. डोक्यात लख्ख उजेड पडला. जवळ जाऊन विचारलं, "तुमचं शिक्षण काय झालंय हो?" मुसळ खाली ठेवून, मान खाली घालून म्हणाला, "कॉमर्स, सर. मी योगेंद्र. पुनमला माहीत नाही मी आलोय ते. तुम्ही माझं तोंड पाहणार नाही म्हणालात, म्हणून वाटलं, आपण स्वतःच जाऊन ते दाखवावं. पण तुम्ही बोलूच दिलं नाही." मी 'जेवून घ्या' एवढं म्हटलं, आणि पंगतीत त्याला माझ्या शेजारी बसवलं. त्यानं भाकरी कुस्करून भरीत ओरपलं आणि दोनदा मागून घेतलं. भागाबाई खूश. त्यांना अजून तो मोठा साहेबच वाटतोय.

आता मी मनातलं सांगतो. तो परका वाटतो, त्याच्या घरातलं 'आहे'चं 'शे' आपल्या कानाला खटकतं, भावकी नाकं मुरडेल, हे सगळं खरं आहे. पण माझा खरा राग याचा नव्हताच. तू मला न विचारता निवडलंस, याचा होता. बाप म्हणून मला वाटायचं, जावई मी पारखीन, चार प्रश्न विचारीन. आज तेच झालं की गं! मी त्याला जो पेपर काढला तो कुठल्या बापानं जावयाला काढला नसेल. अभ्यासक्रमाबाहेरचा, तयारीशिवायचा, समोर वर्गभर पोरं आणि मागे एक खवीस मुख्याध्यापक. तो त्यात सपशेल नापास झाला आणि मला फार आवडला. फजिती झाली तेव्हा हसला. येत नव्हतं तिथे 'येत नाही' म्हणाला, तेही एका बारक्या पोरीला. आणि तिला मोठं होऊ दिलं, स्वतः बाजूला बसून. माझी पुनम ज्या घरात राहील तिथे तिच्या प्रश्नाला कुणी दटावणार नाही, हे मला आज डोळ्यांनी दिसलं. अजून काय पाहायचं असतं बापानं?

तर पोरी, आता उत्तर. तो आत्ता बाहेर पोरांबरोबर राखेनं पातेली घासतोय आणि दर थोड्या वेळानं या खिडकीकडे बघतोय. त्याला मी हो की नाही काहीच सांगितलेलं नाही. असा कठोर चेहरा ठेवलाय की माझे गाल दुखायला लागलेत. संध्याकाळच्या एसटीत बसवताना हे पाकीट चिकटवून त्याच्या हाती देईन आणि एवढंच म्हणेन की उद्या रविवारी पुनमला नेऊन द्या, माझं उत्तर यात आहे. मुक्ताईनगरपासून धुळ्यापर्यंत सारा रस्ता आणि पुढची सारी रात्र ते त्याच्या खिशात असेल, त्याचा जीव टांगणीला लागलेला असेल, आणि तरी तो ते उघडणार नाही. याची मला इतकी खात्री आहे की तिच्याच भरवशावर मी माझी लेक देतोय. आता वाचत बसू नकोस. पोरगा तुझ्या दारात उभा असेल, तुझ्या चेहऱ्याकडे बघत. त्याला आत बोलाव, पाणी दे, आणि सांग, आबा हो म्हणाले.

तुझाच,
आबा