आईशी बोलल्याशिवाय बॉलर घ्यायचा नाही

अहो,

एवढंच लिहिलं आणि हसू आलं. इतक्या वर्षांत कधी तुम्हाला नावाने हाक मारली नाही, आता कागदावर तरी कुठून मारू? तर ऐका. रविवारी मला आपल्या क्रिकेट क्लबच्या परदेशी खेळाडूच्या आमंत्रणपत्रावर सही करायची आहे. हे काम तुमचं होतं. मग दुसऱ्या कोणाला लिहू?

तुम्ही गेलात आणि फोरश्टांडने, म्हणजे आपल्या त्याच चार जणांच्या कमिटीने, हे लोढणं माझ्या गळ्यात बांधलं. "वहिनी, पोरं तुमच्याकडे राहिली, तुमच्या हातचं जेवली, तुमच्याइतकं कोणाला कळणार?" इति प्रसाद. कॅप्टन झाल्यापासून फार गोड बोलतो. मला आमटी कळते हो, आउटस्विंग कुठे कळतो?

'परदेशी खेळाडू' म्हटलं की तुम्हाला किती हसू यायचं! इथे जर्मनीत, वाल्डॉर्फमध्ये आपण सगळे परके, आणि साताऱ्याहून येणारा आपल्याच मुलखातला मुलगा तेवढा परदेशी! तरी दर उन्हाळ्याला एकाला आणायचातच. आपल्या केलरमधल्या, तळघरातल्या खोलीत पलंग एकच, म्हणून एकालाच.

यंदा तन्मय. साताऱ्याचा, फास्ट बॉलर. त्याचा व्हिडिओ बघून प्रसाद वेडा व्हायचा बाकी आहे. मीही पाहिला. दांडी उडते एवढं मलाही दिसलं. पण व्हिडिओवर तुम्ही कधी भरवसा ठेवलात? तुम्ही आधी त्या मुलाच्या आईला फोन लावायचात. स्पीकरवर, आपल्या ओट्याशी उभे राहून. काय खातो, घरी कसा वागतो, रुसला तर किती दिवस बोलत नाही! मी पोळ्या लाटता लाटता चिडवायचे, "बॉलर घेताय की जावई शोधताय?" त्यावर तुमचं ठरलेलं उत्तर, "आईशी बोलल्याशिवाय बॉलर घ्यायचा नाही."

म्हणून मीही लावला फोन. बाई इतक्या मोकळ्या, की पाच मिनिटांत मी त्यांची ताई झाले. थंडीचं विचारलं, भाकरीच्या पिठाचं विचारलं. आणि मग म्हणाल्या, "ताई, ती गरम पाण्याची रबरी पिशवी तिकडं मिळंल का, का इथनंच देऊ? त्याला खांदा शेकल्याबिगर झोप न्हाय येत."

"कुठला खांदा?" मी विचारलं.

"उजवाच की. बॉलिंगचा."

अहो, माझ्या हातातलं लाटणंच थांबलं. त्या माउलीला आपण काय सांगून बसलो याचा पत्ताही नव्हता. ती पुढे चटणीचं विचारत होती.

तेव्हापासून जिवाला घोर लागलाय. त्याला आणला आणि इथे खांदा पूर्ण गेला तर? परक्या मुलखात, जर्मनचा एक शब्द येत नाही, कोणाकडे नेऊ? त्याच्या आईला कुठल्या तोंडाने फोन करू? आणि नाही आणला, तर एवढ्या कष्टाने मिळालेली त्याची संधी मी घालवली, असं नाही का होणार? प्रसादला सांगितलं तर म्हणाला, "आल्झो, असं बघा वहिनी, सगळेच बॉलर शेकतात. नाव रविवारी गेलं नाही तर व्हिसा वेळेत होणार नाही, सीझन गेलाच समजा." आपला नील लॅपटॉपमधून मान वर न करता म्हणाला, "ममा, फ्राग ईन डॉख." त्यालाच विचार की, म्हणे. जसं काही विचारलं की माणसं सांगतात!

तुम्ही सांगितलंत? त्या शेवटच्या मॅचला तुम्ही अंपायर होतात. पांढऱ्या कोटात, एक हात सारखा छातीवर. मी डबे उघडत होते, तिथून विचारलं, "दुखतंय का काही?" तुम्ही म्हणालात, "काही नाही गं, तुझ्या बटाटेवड्याची जळजळ." आणि पुढची ओव्हर सुरू केलीत. दोन दिवसांनी तुम्ही गेलात. साऱ्या पोरांच्या आयांना फोन करून त्यांची दुखणी काढून घेणारा माणूस, आणि स्वतःचं दुखणं माझ्या वड्यावर ढकलून मोकळा! राग येतो हो. अजून येतो. तुमची आई असती तर तिने मला सांगितलं असतं. मी कोणाला फोन करायचा होता?

काल लावला तन्मयला फोन. त्याआधी व्हिडिओ पुन्हा पाहिला, कारण तुम्ही कुठल्याच आईला तिच्या पोरापुढे उघडं पाडलं नाहीत, तेव्हा मलाही दुसरं काहीतरी कारण हवं होतं. सापडलं. मी विचारलं, "काही दुखतंय का रे?"

"नाही काकू, एकदम फिट."

मी फोन ठेवला नाही. पुन्हा विचारलं, "तन्मय, कुठे दुखतंय?"

मग हळूच म्हणाला, "आई बोलली का?"

"नाही रे. ओव्हर झाली की तू पाण्याची बाटली डाव्या हाताने उचलतोस."

मग बांध फुटला. दिवाळीपासून दुखतोय म्हणाला. आणि म्हणाला, "काकू, आधीच सांगितलं असतं तर तुम्ही मला घेतलं असतं का?" अहो, खरं सांगा, तुम्ही घेतलं असतंत का?

तर मी ठरवलंय. रविवारी सही करणार, त्याच्याच नावावर करणार, पण जुलैपासून. तोवर त्याने तिथे डॉक्टरला दाखवायचं, आणि खांदा बरा झाला तरच तिकीट. मे-जूनमध्ये आपण हरणार, हे मलाही कळतं. प्रसाद कालपासून बोलत नाहीये. आणि खांदा बरा झालाच नाही तर? मी चुकले तर? तुम्ही असतात तर निदान "बरोबर केलंस" एवढं तरी म्हणाला असतात, खोटं का होईना.

एक वचन मात्र देते. तुमच्या केलरमध्ये जो येईल, त्याच्या आईला मी फोन करेन. आणि कुठे दुखतंय हे त्याला दोनदा विचारेन. पहिल्यांदा सगळेच 'काही नाही' म्हणतात.

तुम्हाला मी एकदाच विचारलं होतं.

तुमच्या जागी सही करणारी,
सुनंदा