टोल्यांना उत्तर

अमरावती, रविवार, संध्याकाळ

ठण… ठण… माझा पोरगा सुनील होता त्या तुरुंगातले तासाचे टोले मागच्या गल्लीवरून आमच्या अंगणात यायचे. माझी चिमुकली नात पिंकी लगेच चमच्याने ताटलीवर तितकेच ठोके द्यायची. "आजोबा, बाबा वाजवून राहिले. मी बी वाजवू?" माझ्या शाळेतल्या कवितांच्या चालीवर टोले मोजायला मीच शिकवलं तिला. काय गोड दिसायची!

शाळेत जायला लागली आणि एक दिवस टोले पडले तरी ताटली गप्प. पोरींनी काय सांगितलं असेल, मी विचारलं नाही. काहून नाही विचारलं? पुढे तिने कविता म्हटली नाही, घरी मैत्रीण आणली नाही. आता अकोल्याला नर्स आहे. बाप सुटतोय म्हणून फोन केला, तर म्हणाली, "तुमचा पोरगा आहे, तुमी पाहा. मी नाही येत."

सुनील काल घरी आला. दारातून कोणी आत शिरलं की हात खाली सोडून ताठ उभा राहतो, कैद्यांची मोजणी चालल्यासारखा. ताटलीची गोष्ट सांगितली, तर म्हणाला, "मले तिकडं काहीच ऐकू नाही आलं, बाबा." ताटली अजून फडताळात आहे. दाखवावी का त्याला?

इतकं लिहिलं आणि कडी वाजली. दारात पिंकी! "लगेच वापस जायचं आहे मले," एवढंच मला म्हणाली. सुनील ताठ उभा राहिला. ती बघतच राहिली.

"उभे काहून राहिले?" तिने खुर्ची पुढे ओढली. "बसा न, बाबा."