माझ्यासाठी थांबलेली बस

विश्रांतवाडी, पुणे
१२ जानेवारी २००५

प्रिय आई,

तुला आणि घरातल्या सगळ्यांना जय भीम. फोनवर तुला नीट ऐकू येत नाही, म्हणून लिहितेय. दादाची निकिता वाचून दाखवेल.

आम्ही मजेत आहोत. मी हल्ली रोज सकाळी आळंदी रस्त्यावर धावते. मार्चमध्ये एकवीस किलोमीटरची शर्यत आहे. कोण मागे लागलंय, असं विचारू नकोस. ते तुझ्या जावयांनी विचारून झालंय. नंतर बूटही त्यांनीच आणले.

मागच्या आठवड्यात एकदा धावत थांब्यापाशी आले, तर बस चक्क थांबून राहिली. पुण्यात असं होत नाही. कंडक्टर दारातून म्हणाला, "या ताई, सावकाश. तुमच्यासाठीच उभी केलीय." एवढं केल्यावर त्याला कसं सांगू, की मला कुठेच जायचं नाही? निमूट चढले, तिकीट काढलं, पुढच्या थांब्यावर उतरले आणि धावत घरी आले. आता तो रोज विचारतो, "आज बसणार, की धावणार?"

अकोल्याला थंडी पडलीय का? तुझा गुडघा कसा आहे?

माझी साखर जराशी वाढली होती, आता उतरलीय. काळजी करू नकोस. बाबांना साखरेने नेलं, तेव्हा ते एक्कावन्न वर्षांचे होते. मे महिन्यात मीही एक्कावन्नची होईन. शर्यतीत सगळ्यांच्या मागे राहिले तरी चालेल, बाबांच्या पुढे मात्र मला जायचंय.

तुझी,
विशाखा