दादाला वाचून दाखवू नकोस

३ जून

ती. सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

फोनवर बोलायची सोय नाही. दादा तो स्पीकरवर टाकून मध्येच बसतो. पत्र त्याला वाचता येत नाही, म्हणून बिनधास्त लिहिते.

तीन रविवार इंटरनेट धुंडाळतेय. अक्षरओळख नसलेल्या मोठ्या माणसांसाठी एक धड धडा सापडेल तर शपथ! जिथे जावं तिथे ससा टाळ्या वाजवतो आणि ‘शाब्बास बाळा’ म्हणतो. बावन्न वर्षांच्या माणसाला बाळा! खास मोठ्यांसाठीचा एक सापडला, तर सुरुवातीलाच पानभर सूचना वाचायच्या. डोकं फिरलंय माझं. जन्मभर ग्रंथालयात पुस्तकं देते-घेते आणि सख्ख्या भावासाठी धडा मिळत नाही.

इस्पितळाच्या धुलाईखान्यात तो इतकी वर्षं कोपऱ्यातल्या रंगीत दोऱ्यावरून चादर कुठल्या वॉर्डची ते ओळखतोय. आता छापील लेबलं येणार आणि दोन महिन्यांत ती वाचता आली नाहीत तर मुकादम त्याला घरी बसवणार. तूर्त सशावर भागव. लिंक पाठवलीय.

पुढचं त्याला वाचून दाखवू नकोस. आई कामावर जायची, तेव्हा मला सांभाळायला त्याने दुसरीतच शाळा सोडली. माझी ही खुर्ची त्याच्या जिवावरची आहे. त्याच्यासमोर हे बोलायला मला तोंड नाही.

रागावले असले तरी तुमचीच,
ठमी

२१ जून

चि. ठमाबाईस,
अ. उ. आ.

तुझ्या सशाने घरात भांडण लावलं. पहिल्याच ‘शाब्बास बाळा’ला ह्यांनी फोन तांदळाच्या डब्यात नेऊन ठेवला. मी विनवण्या करून बाहेर काढला.

मग चार दिवसांत अख्खा धडा घडाघडा म्हणून दाखवला की! मला आनंद मावेना. सहज म्हणून चित्रांवर अंगठा ठेवला, तर सगळं ठप्प. ह्यांनी अक्षरं पाहिलीच नव्हती, चित्रांचा क्रम पाठ केला होता, दोऱ्यांचे रंग केले तसाच. माझाही तोल गेला. म्हटलं, मलाही असंच पाठ करून फसवता काय. दोन दिवस झाले, बोलत नाहीत. जेवणाचं ताट मात्र धुऊन ठेवतात.

तुझं पत्र पत्र्याच्या पेटीत जपून ठेवलंय. दुसरं काहीतरी शोध ग बाई, आणि आमच्यावरची माया पातळ करू नकोस.

तुझी वहिनी

१४ जुलै

ती. सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

मागे पाठवलेले धडे सुरू असतील. निवृत्त मास्तरीणबाईंचे आहेत, ससा नाही, चित्रं नाहीत. रोजच्या कामातले शब्द घ्या म्हणतात, म्हणून लेबलांचे फोटो मागवले होते. पण तू त्याच्यादेखतच फोनवर म्हणालीस की दोन आठवड्यांत तो ‘बाल’ आणि ‘नेत्र’ या दोन लेबलांच्या पुढे सरकला नाही. मी हात टेकले.

हे वाचून दाखवू नकोस. त्याला आता जमणार नाही असं मला वाटतं. आमच्या ग्रंथालयात झाडलोटीला माणूस हवाय, मी त्याच्यासाठी शब्द टाकलाय. वेळ आली की हळूच सांग.

वाईट वाटून घेऊ नये, ही विनंती.
ठमी

२४ जुलै

ठमे,

हिच्यासमोर अडायचो, पण रात्री एकटाच गिरवायचो, शाळेतलं थोडं आठवत गेलं. तुझं पत्र आलं तेव्हा ही बाजारात होती. मी उघडलं. चार दिवस लागले. ‘वाचून दाखवू नकोस’ लिहिलंस तेही वाचलं. मग पेटीतलं जुनं काढलं. त्याला तीन दिवस.

झाडायचं काम नको. मुकादमाने काल लेबलं वाचून घेतली. ‘अतिदक्षता’ला अडलो. बाकी आली. ‘अतिदक्षता’ला आठवडा दिलाय.

शाळेचं मनात ठेवू नकोस. तू लहान होतीस. फार रडायचीस.

हिला हे पत्र दाखवलं नाही. तूही सांगू नकोस, रविवारी मीच वाचून दाखवणार आहे.

यापुढे माझ्यापासून काही लपवायचं असलं, तर फोन कर.

दादा