मिरजेला उलटं जाऊन

२० डिसें.
बरोबर साठ दिवस आधी, सकाळी आठच्या ठोक्याला आमच्या सुभेदारसाहेबांनी मोबाइलवर दोन जागा पक्क्या केल्या. सांगली ते पुणे, १८ फेब्रु. धाकट्या लेकीची बाळंतपणाची तारीख २२. डॉक्टरांनी तिला प्रवास नको म्हटलंय, तेव्हा यंदा माहेरच तिच्याकडे जाणार. मी म्हटलं, बाळ तुमचं रिझर्वेशन बघून येणार आहे का? तर म्हणे, फौजेत ऐन वेळचं काही चालत नाही. फौज सोडून बारा वर्षं झाली!

२० जाने.
थोरलीच्या दुसऱ्या खेपेची आठवण निघाली. रिझर्वेशन मंगळवारचं, नातू रविवारी. मी पोचले तर सगळं उरकलेलं. अजून सलतं. धाकटी फोनवर म्हणाली, "आई, मला आत नेतील तवा तू दारात पायजेस."

९ फेब्रु.
डिंकाचे लाडू झाले. दुपटी धुतली. पिशवी दाराशी. साहेब हसले.

११ फेब्रु., गाडीत
सकाळी सातला जावयांचा फोन. कळा सुरू, दवाखान्यात नेलंय. साहेब मोबाइल घेऊन बसले. आज सगळीकडे वेटिंग. उद्याचं तत्काळ उघडेपर्यंत थांब म्हणाले. मी पिशवी उचलली. "तुमी तत्काळ बघा, मी निघाले." मागून ओरडले की सांगलीला जनरलमध्ये पाय ठेवायला जागा नसते.

सांगलीला चढायचंय कुणाला? रिक्षा केली ती उलटी, मिरजेला. कोल्हापूरकडून येणारी गाडी तिथे निम्मी रिकामी होते, दवाखान्याची माणसं उतरतात. हे आईने शिकवलेलं. तिकीट पाच मिनिटांत, वर खिडकीची जागा. सांगलीला लोंढा आत घुसला तेव्हा मी पाय दुमडून बसलेले.

सातारा गेलं. जावई म्हणतात, अजून वेळ आहे. जीव टांगणीला. शेजारी आटपाडीची बाई, लेकाकडे चाललेली. भाजलेल्या शेंगा हातावर ठेवून म्हणाली, "पोचताय काकू. पैल्या खेपंला येळ लागतोच."

१२ फेब्रु.
पोचले!! दारात होते. आत नेताना धाकटीने हात असा दाबला की दोन बांगड्या वाढल्या. मुलगी. काळेभोर जावळ, नाक थेट साहेबांचं.

साहेबांना काल लगेच कळवलं. आधी दोघींची तब्येत विचारली. मग म्हणाले, "मिरजेस्नं गाडी कितीची हाय?"
आयुष्यात एवढं बरं मला कधी वाटलं नव्हतं.

१३ फेब्रु.
साहेब हजर. मिरजेहून, जनरलने. कऱ्हाडला एका म्हाताऱ्याला जागा दिली आणि पुढे उभे राहून आले. पण खिडकी मिळाली होती, हे तीनदा सांगून झालं. जावयांना तर मिरजेची युक्ती स्वतःचीच म्हणून सांगितली. सांगू देत. थोरलीला मी फोनवर सगळं खरं सांगितलंय.

१८ फेब्रु.
आमच्या दोन पक्क्या जागा आज आमच्याशिवायच पुण्याला आल्या. साहेबांनी त्या रद्द केल्याच नव्हत्या. का, ते विचारलं नाही.

दुपारी नात मांडीवर घेऊन हळूच म्हणाले, "सव्वा म्हैना झाला की निघायचं. परतीचं काढून ठिवू?"
मी म्हटलं, त्या दिवशी सकाळी बघू.
बरं म्हणाले. मोबाइल उशीखाली सारला. आधीच काढून ठेवलंय की काय, कोण जाणे.